सदोष तुकडी शोधायची कशी? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : विद्युत दुचाकींच्या सदोष बॅटऱ्या परत मागवताना त्यांतल्या सेलच्या लॉटचा (एकत्र बनलेल्या तुकडीचा) माग ठेवणे व बिघाडाचे कारण जाहीर करणे याबाबत.

महोदय,

मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका विद्युत दुचाकीने पेट घेतला. त्याच सुमारास तमिळनाडूतल्या वेल्लोरमध्ये घरात चार्जिंगला लावलेल्या दुचाकीच्या आगीच्या धुरात बाप-लेकीचा गुदमरून मृत्यू झाला. पुढच्याच महिन्यात आपल्या मंत्रालयाकडून कंपन्यांना जाहीरपणे सांगण्यात आले की, सदोष वाहनांच्या तुकड्या त्यांनी स्वतःहून तातडीने परत मागवाव्यात आणि हयगय झाल्यास दंडाला सामोरे जावे. त्या आवाहनातला ‘तुकड्या’ हा शब्द मला तेव्हाही कळीचा वाटला होता. सदोष तुकडी परत मागवायची, तर ती कोणती हे आधी ओळखता आले पाहिजे, आणि नेमकी तिथेच आपली व्यवस्था तोकडी पडते, असे माझ्या अनुभवावरून मी म्हणतो.

अनेक छोटे सेल जोडून बॅटरी पॅक जुळवणाऱ्या एका कारखान्यात मी काही वर्षे गुणवत्ता तपासणीचे काम केले. ग्राहकांकडून परत आलेले पॅक उघडून पाहणे हा त्या कामाचाच भाग होता. त्यातला एक पॅक अजून माझ्या नजरेसमोरून जात नाही. तो पेटलेला नव्हता. चार्जिंग अर्ध्यातच थांबते, एवढीच तक्रार होती. झाकण काढले तेव्हा एका कोपऱ्यात रबरी सील बसून गेलेले दिसले. त्याखालच्या निकेलच्या पट्टीवर हिरवट-पांढरा थर धरला होता आणि पट्टीवरच्या वेल्डच्या ठिपक्यांपैकी दोन काळेनिळे पडले होते. पाणी शिरले आणि वेल्ड बिघडले, असे म्हणून तिथेच हात झटकता आले असते. पण मल्टीमीटर लावल्यावर समांतर जोडलेल्या सेलचा भलताच एक गट, त्या कोपऱ्यापासून दूरचा, इतरांपेक्षा बराच खाली गेलेला आढळला. तो गट सोडवून एकेक सेल आम्ही रात्रभर बाजूला ठेवला. सकाळी त्यातल्या एकाच सेलचे व्होल्टेज आणखी घसरलेले होते. त्याची वीज आतल्या आत झिरपत होती. दोष त्या सेलच्या पोटात होता.

पुढचा प्रश्न साधा होता. हा सेल कोणत्या लॉटमधला, आणि त्या लॉटमधले बाकीचे सेल कोणकोणत्या गाड्यांत बसले? पॅकवर अनुक्रमांक होता. सेलवर मात्र नवे वेष्टन चढवलेले होते, मूळ उत्पादकाचा कोड कुठेच नव्हता, आणि आमच्या नोंदवहीत त्या दिवशी फोडलेल्या तीन खोक्यांचे क्रमांक एकाच ओळीत लिहून ठेवलेले होते. कोणता सेल कोणत्या खोक्यातून कोणत्या पॅकमध्ये गेला, हे सांगणारे काहीही आमच्याकडे नव्हते. त्या दिवसांत तयार झालेले पॅक केव्हाच रस्त्यावर धावू लागले होते. आम्ही सेल बदलला, सील बदलले, पॅक परत पाठवला आणि तक्रार निकाली काढली. ते काम अपुरे होते हे मला तेव्हाही कळत होते, आणि वरिष्ठांपुढे मी ते पुरेशा जोराने मांडले नाही, याची खंत मला आजही आहे.

महोदय, लिथियम-आयन सेलचा दोष ब्रेकच्या किंवा टायरच्या दोषासारखा वागत नाही. सेलच्या आत धन आणि ऋण पत्र्यांच्या मध्ये सेपरेटर नावाचा, केसापेक्षा कितीतरी पातळ असा सच्छिद्र पडदा असतो. कारखान्यात कापणी करताना उडालेला धातूचा एखादा कण, पत्र्याच्या कडेवर राहिलेली बारीक कूस, गुंडाळताना दुमडलेला पडदा किंवा वाकडा बसलेला टॅब (पत्र्यातली वीज बाहेर नेणारी धातूची पट्टी), यांपैकी काहीही त्या पडद्याला हळूहळू टोचत राहू शकते. असा सेल कित्येक महिने बिनतक्रार चालतो. मग उन्हात तापलेली गाडी घरी आणून लगेच चार्जिंगला लावली जाते, पडदा एका ठिकाणी हार खातो, सेल आतून शॉर्ट होतो, आणि एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते. एकेका पॅकमध्ये असे शंभर-दोनशे सेल दाटीवाटीने बसवलेले असू शकतात. दोष उघड होतो तो अनेकदा शेवटच्या क्षणी, आणि तोवर मालकाला तक्रार करावी असे काही जाणवलेलेच नसते.

असे बरेच दोष पकडण्याचा एक जुना उपाय सेल कारखान्यांना ठाऊक आहे. तयार सेल पहिल्यांदा चार्ज करून काही दिवस, कधी काही आठवडे, नुसते ठेवायचे आणि कोणाचे व्होल्टेज मर्यादेपेक्षा जास्त घसरते ते पाहून असे सेल बाजूला काढायचे. मागणीची घाई झाली की पहिली काट याच दिवसांना लागते, कारण या काळात माल अडकून पडतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला काहीच काम चाललेले दिसत नाही. पॅक जुळवणाऱ्याकडेही तेच घडते. येणाऱ्या प्रत्येक सेलचे व्होल्टेज आणि अंतर्गत रोध मोजून सारखे सेल एका गटात लावायचे, हा नियम कागदावर असतो. महिनाअखेरीला मात्र खोक्यातले चार-दोन सेल मोजून अख्खे खोके ‘पास’ होते.

२०२२ च्या आगींनंतर आपल्या मंत्रालयाने एआयएस-१५६ या विद्युत दुचाकींच्या बॅटरी-सुरक्षेच्या मानकात केलेल्या सुधारणा महत्त्वाच्या आहेत, आणि त्याचे श्रेय मी मनापासून देतो. त्या १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. सेलवर उत्पादनाचा महिना व वर्ष असावे, पॅक पाण्यात बुडाला तरी टिकावा, एका सेलची आग साऱ्या पॅकमध्ये पसरते का हे तपासले जावे, या अटी आवश्यकच होत्या. तरीही प्रकार-मान्यतेच्या, म्हणजे मॉडेल विक्रीला आणण्याआधीच्या मंजुरीच्या, चाचणीला जातो तो उत्पादकाने सादर केलेला नमुना. तो नमुना किती काळजीने जुळवला असेल, हे त्या क्षेत्रात काम केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. सणाच्या तोंडावर रात्रपाळीत जुळवलेला पॅक त्या नमुन्यासारखाच आहे का, हे ठरवायचे तर एआरएआय किंवा आयकॅटसारख्या वाहन-चाचणी संस्थांनी वितरकाच्या दालनातून, कंपनीला आधी न कळवता, पॅक उचलून उघडले पाहिजेत.

आता कायद्याकडे येतो. मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ ने आणलेल्या कलम ११०-अ नुसार, वाहनातल्या दोषामुळे चालकाला, प्रवाशांना, रस्त्यावरच्या इतरांना किंवा पर्यावरणाला हानी पोहोचण्याचा संभव असल्यास केंद्र सरकार ती वाहने परत मागवण्याचा आदेश देऊ शकते. हा दोष ठरावीक टक्के मालकांनी कळवलेला असावा, किंवा चाचणी संस्थेने, किंवा अन्य कोणत्याही स्रोताने. व्यवहारात सगळे लक्ष पहिल्या वाटेवर, म्हणजे तक्रारींच्या संख्येवर, केंद्रित झालेले दिसते. गिअरच्या किंवा रंगाच्या दोषाला ती मोजणी ठीक आहे. बॅटरीच्या आगीत मोजणी पूर्ण होण्याची वाट पाहणे म्हणजे आणखी घरे धोक्यात घालणे होय. कायद्याने ‘अन्य कोणताही स्रोत’ म्हटलेलेच आहे; अग्निशमन दलाचा एक अहवाल हा असा स्रोत का मानला जाऊ नये?

याच कलमात आणखी एक तरतूद आहे, तिच्याकडे मला आपले विशेष लक्ष वेधायचे आहे. दोष एखाद्या सुट्या भागात असेल, तर तो भाग बसवलेली सर्व वाहने, मग ती कोणत्याही प्रकारची असोत, परत मागवण्याचा आदेश सरकार देऊ शकते. बॅटरीसाठी याहून योग्य तरतूद नाही, कारण एकाच लॉटचे सेल अनेक पॅक जुळवणाऱ्यांकडे आणि तिथून अनेक नावांच्या गाड्यांत जातात. पण सेलचा लॉट आणि गाडीचा चासी क्रमांक यांना जोडणारी नोंदच नसेल, तर ही तरतूद वापरायची कशी?

दुसरा मुद्दा कारणाचा. एप्रिल २०२२ मध्ये ओकिनावाने ३,२१५ आणि ओला इलेक्ट्रिकने १,४४१ दुचाकी परत मागवल्या, आणि तेव्हा वापरले गेलेले शब्द ‘बॅटरीची आरोग्य तपासणी’ अशा धाटणीचे होते. असा निरोप मिळालेला मालक गाडी सवडीने नेतो. तोवर ती जिन्याखाली, घराच्या एकमेव वाटेवर, चार्ज होत राहते. गाडी परत मिळते तेव्हा बदलले काय आणि बिघडले काय होते, हे त्याला सांगितले जात नाही. कारण न शोधता केलेला उपाय किती कुचकामी ठरतो, याचे उदाहरण जगासमोर आहे. जनरल मोटर्सने नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्या बोल्ट या विद्युत मोटारी परत मागवून आधी चार्जिंग ९० टक्क्यांवर थांबवले आणि नंतर सॉफ्टवेअर बदलून दिले. दुरुस्त म्हणून परत दिलेल्या गाड्याही पेटल्या. अखेर एकाच सेलमध्ये फाटलेला टॅब आणि दुमडलेला सेपरेटर असे दोन दोष एकत्र आल्यावर आग लागते, हे स्पष्ट झाले आणि २०२१ मध्ये तोवर बनलेल्या सगळ्या बोल्ट गाड्या परत मागवाव्या लागल्या. २०१६ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी नोट ७ चे फोन बदलून दिले, तर बदली फोनही पेटले, कारण दुसऱ्या पुरवठादाराच्या सेलमध्ये वेगळाच दोष होता. सॅमसंगने नंतर दोन्ही कारणे चित्रांसह जाहीर केली, म्हणून आज जगभरातले तपासनीस तसे दोष ओळखू शकतात.

म्हणून माझी विनंती आहे की, प्रत्येक पॅकच्या अनुक्रमांकापाशी त्यातल्या सेलचे लॉट नोंदवणे आणि तो अनुक्रमांक ‘वाहन’ या सरकारी वाहन-नोंदणी प्रणालीत चासी क्रमांकाशी जोडणे सक्तीचे करावे. पॅक बदलला की ती जोडणीही बदलावी. रिकामी बॅटरी देऊन भरलेली घेण्याच्या अदलाबदलीच्या केंद्रांवरचे पॅक तर रोज वेगवेगळ्या गाड्यांत फिरतात, त्यामुळे तिथे गाडी परत मागवून काहीच साधणार नाही. आदेश पॅकच्या मागे गेला पाहिजे. सेलचा मूळ कोड झाकणारे किंवा काढून टाकणारे वेष्टन चढवण्यास स्पष्ट मनाई असावी. परत मागवण्याच्या प्रत्येक सूचनेत आगीचा धोका असल्यास तो मराठीसह ग्राहकाच्या भाषेत पहिल्याच ओळीत लिहावा, आणि दुरुस्तीनंतर काय सापडले व काय बदलले याचा कागद मालकाच्या हाती द्यावा. लहान उत्पादकांना हा खर्च पेलणार नाही, असे आपल्याला सांगितले जाईल. खोके फोडताना एक बारकोड वाचून घेण्याचे ते काम आहे, आणि मी ज्या टेबलावर बसत होतो तिथे बारकोड वाचणारे यंत्र होते. ते फक्त तयार माल बाहेर पाठवताना वापरले जाई.

२०२२ च्या आगींच्या तपासात सेल, बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) आणि पॅकची जुळवणी यांबाबत जे काही आढळले, ते छायाचित्रांसह, कंपनीनिहाय, मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ठेवण्याचे निर्देश आपण द्यावेत, अशीही विनंती करतो. आज पॅकच्या तपासणीच्या टेबलावर नव्याने रुजू झालेल्या मुलाने ते एकदा पाहिले, तर काळ्यानिळ्या वेल्डपाशीच न थांबता त्याच्या पलीकडचा सेलही मोजायचा, हे त्याला पहिल्या आठवड्यातच कळेल.

आपला नम्र,
बॅटरी पॅकच्या गुणवत्ता तपासणीत काम केलेला एक तंत्रज्ञ