पाच लाइनी, एक बिल

प्रिय मीना,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतची बिलाची नि कराराची पानं मिळाली. दोनदा नुसती वाचली, मग पेन्सिल घेऊन बसले आणि तिसऱ्यांदा वाचली. तुझा प्रश्न तसा एका ओळीचा आहे: फोनचं फॅमिली कॉन्ट्रॅक्ट संपायला अजून बरेच महिने आहेत, घरात सगळे वैतागले आहेत, तर मधेच तोडून मोकळं व्हावं का? फोनवर बोललो असतो तर मी पटकन ‘तोड गं’ म्हणाले असते. तसं व्हायला नको म्हणून लिहिते आहे.

सगळ्यात आधी, तू पत्रात जाता जाता लिहिलेली एक गोष्ट. नव्या घरात रेंज येत नाही, त्यामुळे सासूबाईंना फोनवर बोलायचं तर जिन्यात जाऊन उभं राहावं लागतं. पुढच्याच वाक्यात तू डेटा किती उरतो त्यावर गेलीस. मी मात्र त्या जिन्यापाशीच थांबले. सत्तरी ओलांडलेल्या बाईला आपल्या बहिणीशी दोन शब्द बोलायला जिन्यात उभं राहावं लागत असेल, तर ती अडचण आज सुटायला हवी. बाकीच्या चौघांचं थोडं मागेपुढे झालं तरी चालेल. या पत्रातलं पुढचं सगळं त्या जिन्यावरून सुरू होतं.

आता तुझं ते वाक्य: “इतके महिने भरले, आता सोडलं तर ते सगळे पैसे वाया.” अगं, ते पैसे गेले. तू थांबलीस तरी परत येणार नाहीत आणि निघालीस तरी येणार नाहीत. हे समजतं, पण मन ऐकत नाही, आणि ते फक्त तुझंच असं होत नाही. आर्केस आणि ब्लूमर या दोन संशोधकांनी १९८५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. नाटकांच्या हंगामी पासासाठी रांगेत उभ्या असलेल्या काही जणांना पास पूर्ण किमतीला दिला, काहींना थोडा स्वस्त, काहींना बराच स्वस्त. कुणाला काय मिळणार ते नशिबावर सोडलं होतं. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. तरी पूर्ण किंमत मोजलेली माणसं हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात जास्त नाटकांना गेली. आणि मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: दुसऱ्या अर्ध्या भागात तो फरक विरला. मोजलेल्या पैशांचा चटका काही महिन्यांनी आपोआप कमी होतो. म्हणून त्या चटक्यावर निर्णय घेऊ नकोस. आजपासून कराराच्या शेवटच्या दिवसापर्यंत राहिलीस तर काय जाईल आणि निघालीस तर काय जाईल, एवढंच मोजायचं.

आणि हो, रागाच्या भरातही घेऊ नकोस. हे मी अनुभवाने सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्या बिलात तीन महिने ओळीने चुकीची आकारणी आली. चौथ्या महिन्यात मी कस्टमर केअरला फोन लावला आणि म्हणाले, सगळ्या लाइनी आजच बंद करा. त्यांनी केल्या. मला वाटत होतं, नंबर आपलेच आहेत, नव्या कंपनीत गेलो की तिथे मागून घेऊ. पण नंबर पोर्ट होतो तो चालू लाइनवरून. बंद केलेल्या लाइनचा नंबर कंपनीकडे परत जातो. आमचे तिघांचे नंबर धावपळ करून कसेबसे परत मिळाले. आईचा मिळाला नाही. सतरा वर्षं तिच्याकडे असलेला नंबर. बँकेचे ओटीपी त्यावर यायचे, ते एकेक जागी जाऊन बदलून घेतलं, महिना गेला त्यात. पण तिच्या शाळेतल्या मैत्रिणींनी तो नंबर वहीत लिहून ठेवला होता, आणि त्यांच्यापैकी दोघींचे नंबर आईकडे नव्हते, कारण फोन नेहमी त्याच करायच्या. काही महिन्यांनी मी त्या नंबरवर फोन लावून पाहिला, तर कुणी परक्या माणसाने उचलला. कंपन्या सोडलेले नंबर थोडे दिवस बाजूला ठेवून दुसऱ्याला देतात. त्या दोघींपैकी एकीचा पत्ता पुढे कुणाकडून तरी लागला. दुसरीचा अजून नाही. आई मला त्याबद्दल कधी काही बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलेलं आहे.

तेव्हा मीना, काहीही ठरलं तरी कंपनीला ‘बंद करा’ हे शब्द म्हणायचे नाहीत. आधी नव्या कंपनीकडे नंबर न्यायचा, तो तिथे चालू झाला की जुनी लाइन बहुतेक ठिकाणी आपोआप बंद होते. ही सोय १९९७ साली सिंगापूरमध्ये मोबाइलसाठी पहिल्यांदा सुरू झाली आणि नंतर पुष्कळ देशांत आली. आपल्यासारख्यांसाठी ती केवढी मोठी गोष्ट आहे, हे मला नंबर गमावल्यावर कळलं.

आता तुझ्या कागदांकडे वळते. तू त्याला ‘आमचं कॉन्ट्रॅक्ट’ म्हणतेस, पण बारीक अक्षरांत पाहिलंस तर ती पाच कॉन्ट्रॅक्टं आहेत. बिल एक येतं एवढंच. ज्याने जेव्हा नवा फोन घेतला, तेव्हापासून त्याच्या लाइनची २४ महिन्यांची मुदत नव्याने सुरू झाली. तुझी आणि विनयची १४ महिन्यांनी संपते, कारण दोघांचे फोन अलीकडचे. धाकट्या दिरांची आणि ईशाची ५ महिन्यांनी. आणि सासूबाईंनी फोन बदललाच नाही, त्यामुळे त्यांची मुदत केव्हाच संपली आहे. त्या दर महिन्याला मोकळ्या आहेत! हे तुझ्या लक्षात आलं नव्हतं ना? मलाही तिसऱ्या वाचनात दिसलं.

हिशेब सोपा व्हावा म्हणून मी तुमचं महिन्याचं बिल १०० धरलं आणि बाकी सगळं त्या मापात बसवलं. पहिली लाइन ४०, पुढच्या चार प्रत्येकी १५. नवी कंपनी पाच लाइनी ७५ला देते म्हणतेस, म्हणजे महिन्याला २५ वाचले. १४ महिन्यांचे ३५०. लवकर सोडल्याचा दंड तुमच्या कागदावर लाइनमागे उरलेल्या दर महिन्याला ६ आहे. ५ महिने उरलेल्या दोन लाइनींचे ६०, १४ महिने उरलेल्या दोन लाइनींचे १६८, मिळून २२८. वाचणार ३५०, भरायचे २२८. इथवर तू आली होतीस, आणि म्हणूनच तुला लगेच तोडावंसं वाटतंय.

पण तुमच्या दोघांच्या नव्या फोनवर मिळालेली सूट बघ. ती दुकानात एकरकमी मिळालेली नाही. दर महिन्याच्या बिलात प्रत्येकी ५ परत येतात, आणि त्याखालीच लिहिलं आहे की लाइन सोडली की ते येणं थांबतं. दोघांचे मिळून १० गुणिले १४, म्हणजे १४०. दंड आणि ही गेलेली सूट मिळून ३६८ झाले. आज सगळे निघालात तर १८चा तोटा आहे, फायदा नाही. फोनचे उरलेले हप्ते मी यात धरले नाहीत, कारण ते राहिलात तरी भरायचे आणि निघालात तरी. फक्त निघताना ते सगळे एकदम मागतात, त्याची तयारी ठेवावी लागेल.

आता ५ महिने थांबून बघू. तोवर दिरांची आणि ईशाची मुदत संपलेली असेल, त्यांचा दंड शून्य. तुमच्या दोघांचा ९ महिन्यांचा १०८, सूट गेली त्याचे ९०, मिळून १९८. आणि त्या ९ महिन्यांत वाचणार २२५. म्हणजे २७ हातात राहतात. त्याहूनही पुढे ढकललंस तर फायदा महिन्याला ३ने कमी होत जातो. मी हे तीन वेळा ताडून पाहिलं आहे, तरी तू एकदा विनयबरोबर बसून बघ, कारण बिलावरचा एखादा आकडा फोटोत पुसट दिसत होता.

मग ५ महिने सासूबाईंनी जिन्यातच उभं राहायचं का? नाही. माझं खरं म्हणणं इथे आहे.

रेंज न येण्याचं कारण आधी समजून घे. जाड काँक्रीट आणि धातूचा पातळ लेप दिलेल्या खिडक्यांच्या काचा फोनच्या लहरी अडवतात. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून त्यातल्या त्यात बऱ्या आत येतात, १८००च्या पुढच्या तितक्या येत नाहीत. त्यामुळे त्याच घरात एका कंपनीची रेंज येते आणि दुसरीची येत नाही, असं होऊ शकतं. तुमच्या चौघांच्या फोनमध्ये वायफाय कॉलिंग असायला हवं. सेटिंगमध्ये जाऊन ते सुरू कर. कॉल घरच्या वायफायवरून जाईल, टॉवरची गरज उरणार नाही. तुम्हा चौघांचे ५ महिने एवढ्यावर निघतील असं मला वाटतं. सासूबाईंच्या जुन्या फोनमध्ये ती सोय नाही, म्हणून त्यांची लाइन पहिली हलवायची.

त्यांना डेटा लागत नाही, फक्त बोलायचं असतं. नुसत्या बोलण्याचा छोटा प्लॅन तू लिहिलेल्या दरपत्रकात १८ला आहे. इथे त्यांचे १५ जातात. महिन्याला ३ जास्त, ५ महिन्यांचे १५. २७मधून १५ गेले तरी १२ उरतात, आणि सासूबाई पुढच्या आठवड्यापासून आपल्या खोलीत बसून बोलतील. फक्त एक विचारून घे: पाचाच्या चार लाइनी झाल्या तर उरलेल्यांचा दर वाढतो का? काही प्लॅनमध्ये वाढतो, आणि मग हे सगळं गणित फिरतं. उत्तर तोंडी घेऊ नकोस, लेखी माग.

त्यांचा नंबर न्यायच्या आधी नव्या कंपनीचं एक साधं प्रीपेड सिम आण आणि त्यांच्याच फोनमध्ये घालून आठवडाभर बघ. त्यांच्याच खोलीत, पलंगावर बसून, सकाळी आणि रात्री. गच्चीवर किंवा दारात बघून उपयोग नाही. ही चाचणी दोन कारणांसाठी हवी. एक तर रेंज. दुसरं म्हणजे बऱ्याच कंपन्यांनी जुनं ३जी बंद केलं आहे, आणि ज्या फोनवर ४जीमधून कॉल लागत नाही तो तिथे नुसता हातात धरायला उरतो. सिम घातल्यावर फोनने ते नाकारलं, तर तो जुन्या कंपनीला लॉक केलेला आहे असं समज आणि आधी ते लॉक काढून घे. मुदत संपलेल्या फोनला त्यांनी अडवायचं काही कारण नाही. त्यासाठी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक मागतील, पंधरा आकडी असतो. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलंस की पडद्यावर येतो.

आणखी एक. दंडाशिवाय निघण्याची वाट करारातच असू शकते, ती शोधल्याशिवाय एक पैसाही भरू नकोस. कंपनीने मधेच दर किंवा अटी बदलल्या असतील, तर ग्राहकाला फुकट बाहेर पडता यावं असं युरोपीय संघाच्या २०१८च्या दूरसंचार संहितेत आहे. इतरत्र कायद्यात नसलं तरी कंपन्या असं कलम करारात ठेवतात. तुमच्या सातव्या पानावर ‘अटींमधील बदल’ असं शीर्षक आहे, फोटोत त्याचा खालचा भाग कापला गेलाय. तो मला पुन्हा पाठव. शिवाय नव्या पत्त्यावर सेवा मिळत नसल्याची तक्रार लेखी नोंदवून तिचा क्रमांक घे. तुम्ही घर बदललंत म्हणून ते कदाचित हात झटकतील. तरी विचार. मी विचारलं नव्हतं, आणि पूर्ण दंड भरला होता.

खातं विनयच्या नावावर आहे, म्हणून बोलावं त्यालाच लागेल, आणि सासूबाईंची लाइन आधी त्यांच्या स्वतःच्या नावावर करून घ्यावी लागेल असं दिसतं. त्याला एखाद-दोन दिवस लागले तरी घाई करू नकोस. सगळे मिळून निघाल तेव्हा बिलाचं चक्र कधी संपतं ते बघून निघा, नाहीतर काही दिवसांसाठी दोन्हीकडे अख्ख्या महिन्याचे पैसे जातात.

ईशाला वेगळं, तिच्या एकटीचं सिम हवंय असं लिहिलं आहेस. ते तूर्त राहू दे. तिची लाइन काढून तुमचे १५ वाचतील आणि तिला बाहेर एकटीला त्याच्या दुप्पट पडतील. ५ महिन्यांनी ती मोकळी होईल तेव्हा तिचं तिला ठरवू दे, ती आता लहान नाही.

रविवारी दुपारी फोन कर, घरात वायफाय कॉलिंग सुरू करूनच. कसं ऐकू येतं तेही कळेल. कागद समोर ठेव आणि विनयलाही बसव. आणि पोर्ट करायचा अर्ज भरताना सासूबाईंच्या नंबरचे आकडे दोघांनी मिळून मोठ्याने वाचून बघा, मगच सही करा.

तुझी,
शुभा