हवेच्या आकड्यासोबत प्रदूषक आणि वेळही छापा

संपादक महोदय,

‘शहराची हवा १८०’ अशा चौकटी नेहमी छापून येतात. पण हा आकडा प्रदूषकांची सरासरी नव्हे. २०१५पासून लागू असलेल्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांकात आठ प्रदूषक आहेत. प्रत्येकाचा उपनिर्देशांक काढून त्यांतला सर्वांत मोठा जाहीर होतो. पीएम २.५ची (२.५ मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्म कणांची) २४ तासांची सरासरी घनमीटरला ९० मायक्रोग्रॅम असेल तर त्याचा उपनिर्देशांक २००, १२० असेल तर ३००. ओझोन आणि कार्बन मोनॉक्साइड मात्र ८ तासांवर मोजतात. अशा अनेक तासांच्या सरासरीमुळेच सकाळचा धूर आकड्यात सौम्य होऊन उतरतो आणि हवा निवळली तरी आकडा बराच वेळ चढाच राहतो.

किमान तीन प्रदूषकांची (त्यात पीएम २.५ किंवा पीएम १०, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतचे कण, हवेतच) १६ तासांची माहिती नसेल, तर निर्देशांक काढायचाच नसतो. वीज गेलेल्या मापन केंद्राचा रकाना सरळ रिकामा ठेवावा. शेजारचा आकडा तिथे चिकटवणे ही फसवणूकच.

हवेतली धूळ मोजणाऱ्या बीटा किरणांच्या यंत्रात धूळ गाळणीच्या फितीवर साचते. हवा ओढणाऱ्या नळीचा हीटर बंद पडला, की धुक्यातले पाणीही धूळ म्हणून मोजले जाते. पहाटे एकाच केंद्राचा आकडा उसळला तर आधी हे तपासावे.

आपण निदान केंद्राचे नाव, मुख्य प्रदूषक आणि वेळ तरी छापा.

– एक वाचक