स्टॅमफर्डची सराई

स्टॅमफर्ड, लिंकनशायर

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. बायपास झाला की गावातली हॉटेलं बसतील, ही तुझी काळजी मनातून जाईना. म्हणून इथली एक गोष्ट सांगतो.

लंडनहून एडिंबराला जाणारा जुना 'ग्रेट नॉर्थ रोड' या गावातून जायचा. वेलंड नदीच्या पुलाजवळ त्याच रस्त्यावर 'द जॉर्ज' ही सराई आहे. राणी एलिझाबेथचे मंत्री लॉर्ड बर्ली यांनी 1597 मध्ये ती नव्याने उभारली असं सांगतात. दर्शनी भाग त्यानंतरचा, अठराव्या शतकातला. तिची पाटी थेट रस्त्यावर, या कडेपासून त्या कडेपर्यंत टाकलेल्या आडव्या तुळईवर. येणारी-जाणारी प्रत्येक गाडी तिच्याखालून जाते!

आत शिरलं की दोन दारं दिसतात. एकावर 'लंडन' लिहिलंय, दुसऱ्यावर 'यॉर्क'. दक्षिणेला लंडनकडे जाणारे उतारू एका खोलीत थांबत, उत्तरेला यॉर्ककडे जाणारे दुसऱ्या. भरभराटीच्या दिवसांत इथून रोज 20 घोडागाड्या एका दिशेने जात आणि 20 दुसऱ्या. मला त्या दारांसमोरून हलवेना.

पण खरं कौतुक मागच्या अंगणाचं. घोडे साधारण दर दहा मैलांवर बदलावे लागत. टपालगाडीचा गार्ड लांबूनच कर्णा फुंकायचा, तोवर मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे नोकर, ताजे घोडे साज चढवून उभे करत. काही मिनिटांत गाडी पुन्हा रस्त्याला. लंडन ते एडिंबरा टपाल पोचायला 1786 मध्ये 60 तास लागायचे, 1836 च्या सुमारास साधारण 45. यात रस्त्याचा वाटा फार मोठा, हे तुला वेगळं सांगायला नको. टोल घेऊन रस्ते राखणारी मंडळं होती, आणि पुढे मॅकॅडम या रस्ते बांधणाऱ्या स्कॉटिश अभियंत्याची फोडलेल्या खडीची, पाणी दोन्ही बाजूंना वाहून जाईल अशा उताराची पद्धत आली.

मग रेल्वे आली. 1852 मध्ये उत्तरेचा मुख्य लोहमार्ग स्टॅमफर्ड टाळून ग्रँथमवरून गेला. गावाला रेल्वे मिळाली होती, पण ती आडमार्गाची. लांब पल्ल्याच्या घोडागाड्या संपल्या, त्यांच्यासोबत पागेतली कामंही. मोठे कारखाने आले नाहीत, त्यामुळे जुनी दगडी घरं मात्र जागच्या जागी राहिली. 1967 मध्ये इंग्लंडमधलं पहिलं संवर्धन क्षेत्र (जुनं रूप कायद्याने जपलेला भाग) म्हणून याच गावाची निवड झाली.

विसाव्या शतकात मोटारी आल्या आणि हाच रस्ता पुन्हा गजबजला, इतका की 1960 मध्ये गावाबाहेरून बायपास काढावा लागला. जॉर्ज आजही हॉटेल म्हणून चालू आहे.

सुहास, तुझ्या गावातली हॉटेलं लगेच सावरतील असं मी म्हणणार नाही. इथे मधली कित्येक वर्षं पडतीची गेली, आणि ती मालकांपेक्षा मोतद्दारांना जड गेली असणार. म्हणून बायपासच्या बैठकीत हॉटेलांत राबणाऱ्या पोरांचाही विषय काढ. तुझं तिथे ऐकतात.

काय ठरलं ते सविस्तर कळव. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
विनय