नागीण कमरेवरच उठते असे नाही

मा. संपादक,

माझ्या सासूबाईंच्या कानात ठणका लागला, तेव्हा सगळ्यांनी दाढेचं दुखणं धरलं. मग एका सकाळी चहा ओठाच्या कोपऱ्यातून ओघळला, उजवा डोळा मिटेना. आम्ही पक्षाघाताच्या धास्तीने दवाखाना गाठला. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावून कानात पाहिलं : बारीक, पाण्याने भरलेले फोड. नागीणच, पण चेहऱ्याच्या नसेवर!

कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत वर्षानुवर्षे दडून राहतो आणि पुढे कधीतरी जागा होऊन नागीण उठवतो. फोडांआधी काही दिवस नुसती आग होते. छातीत दुखलं तर हृदयविकार वाटतो. क्वचित फोड येतच नाहीत. नाकाच्या शेंड्यावर आले तर डोळ्याला धोका. शंका असल्यास फोडातल्या द्रवाची पीसीआर (विषाणूचा अंश शोधणारी) तपासणी करता येते. फोड उठल्यापासून ७२ तासांत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झालेल्या उत्तम, आणि आमच्या सहकारनगरात अजून आधी गेरूचा लेप नि मंत्र! याचा मला मनस्वी संताप येतो. पन्नाशीनंतर घेण्याची लसही आहे, हे कितीजणांना ठाऊक आहे? आपल्या आरोग्य पुरवणीत यावर तज्ज्ञांकडून सविस्तर लिहून घ्यावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सहकारनगर, पुणे