दाराच्या आतली लाल माती

कोल्हापूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. काकांची जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी रंगाला द्यायचं ठरवलंस, वाचून फार बरं वाटलं. पण पेंटर म्हणतो, काचा काढायची गरज नाही, कागद-टेप लावून मारतो, हे वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसलो. त्याला हो म्हणू नकोस. बारा वर्षांपूर्वी आमच्या गाडीचा रंग असाच झाला होता. घरी आली तेव्हा नवी कोरी दिसत होती. दुसऱ्या पावसाळ्यात काचेच्या बीडिंगखालून, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीखालून, फुगे उठले, आणि यंदा रंग खरवडला तेव्हा तिकोनी काचेच्या (दारातली पुढची छोटी, फिरणारी काच) चौकटीखालचा पत्रा अंगठ्यानं दाबला तरी आत जात होता.

आमची गाडी १९७८ ची. पुढची दोन्ही दारं मी स्वतः उघडली, रोज संध्याकाळी थोडी थोडी. आधी काचेचं हँडल. त्याच्या मागची चकती आत दाबलीस की आडवी पिन दिसेल. बारीक पंच (ठोकायचा लोखंडी दांडा) लावून हातोडीनं हळू ठोक, निघते. ती पिन लगेच डबीत टाक, गवतात पडली तर गेलीच. मग दाराचं पॅड, म्हणजे आतल्या बाजूचं हार्डबोर्डचं आवरण. पुट्टीची रुंद पट्टी क्लिपेच्या अगदी जवळ घालूनच उचकट, लांबून ओढलंस तर हार्डबोर्ड फाटतो.

पॅड निघालं आणि मी नुसता बघत राहिलो. दाराच्या तळाशी दोन बोटं जाड मातीचा थर होता. वर काळपट धूळ आणि खाली सगळी लाल माती. जांभ्याची. बाबा दर मे महिन्यात आंबा घाटातून रत्नागिरीला न्यायचे ना आम्हाला, तू पण दोनदा होतास, तिथली ती. चमच्यानं खरवडून काढली, अर्धा किलो तरी भरली असेल. टाकवेना म्हणून कुंडीत घातली आहे.

त्या मातीनंच दार खाल्लं होतं. मला इतकी वर्षं वाटायचं की काचेच्या बाहेरचं रबर पाणी अडवतं. तसं नाही रे. काच खाली-वर व्हायची म्हणजे फट राहणार आणि पाऊस आत उतरणार. बीडिंग फक्त काच पुसून घेतं. आत आलेल्या पाण्यासाठी तळाला भोकं ठेवलेली असतात. आमची भोकं आधी मातीनं बुजली आणि मग त्या रंगानं बंद झाली. पॅडमागचं जाड प्लॅस्टिकही कुणीतरी काढून टाकलेलं, त्यामुळे ओल थेट हार्डबोर्डात.

आता काच. ती अर्धी खाली कर, म्हणजे तिच्या खालच्या पट्टीचे बोल्ट आतल्या भोकासमोर येतात. ते सोडताना एकानं वरून काच धरायलाच हवी. आमच्याकडे हिनं धरली होती. तिकोनी काच आणि मोठी काच यांच्यामध्ये जी उभी पट्टी आहे, तिचं खालचं टोक दाराच्या आत बोल्टनं आवळलेलं असतं. तो बोल्ट आधी सोड. माझ्या ते लक्षात आलं नाही आणि मी तासभर चौकट हलवत बसलो. चौकटीचे स्क्रू गंजले असतील तर रात्रभर डिझेलमध्ये भिजू दे. जोर लावून डोकी झिजवू नकोस.

एक काच माझ्या हातून गेली. डावीकडची. बाहेर काढली आणि फरशीवर उभी टेकवली, गोणपाट न घालता. कोपरा टेकला एवढंच. ठाप्‌ असा आवाज झाला आणि पायाशी ज्वारीच्या दाण्यांसारखा चुरा. टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली, काच मधोमध बुक्की सोसते, कडेला लागलेलं सोसत नाही. आणि ती एकदा भट्टीतून निघाली की कापताही येत नाही. तेव्हा दुसरी मिळवायला मुंबईला गेलो. ज्या कुर्ल्यात प्रीमियरच्या कारखान्यात ही गाडी बनली, त्याच कुर्ल्यात सीएसटी रोडवर जुन्या मालात काच मिळाली. पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी होत्या तोवर असा माल कुठंही मिळायचा. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली, टॅक्सीला असलेली वीस वर्षांची मुदत तिची २०२३ च्या ऑक्टोबरात संपली. म्हणून सांगतो, चांगला जुना माल दिसला तर घेऊन ठेव. काच उतरवणाऱ्या मशीनचा एक बुश (छोटी नळी) मला इथल्या उद्यमनगरात टर्नरकडून करून घ्यावा लागला.

परत बसवताना घाई करू नकोस. भोकं तारेनं मोकळी कर, आतून गंजरोधक मार, रंग पुरता वाळू दे. आधी काच ज्यात सरकते ते फेल्टचं (जाड लोकरी कापडाचं) चॅनेल, मग मोठी काच, मग तिकोनी चौकट आणि मधली पट्टी, सगळे बोल्ट नुसते हातानं लावलेले. काच दहा वेळा वर-खाली कर, ती आपली जागा आपण शोधते. मग पूर्ण वर नेऊन बोल्ट आवळ. ग्रीस मशीनच्या दात्यांना, फेल्टला अजिबात नाही, धूळ धरतं आणि काचेवर रेघोट्या पडतात. नवं रबर अर्धा तास उन्हात ठेव आणि साबणाचं पाणी लावून बसव. पॅडचे स्क्रूही जुन्याच लांबीचे घे, लांब स्क्रू आत उतरलेल्या काचेला लागतो.

तिकोनी काचेच्या खालच्या दांड्यावर स्प्रिंग आणि नट आहे, त्याला मात्र वेळ दे. सैल राहिला तर साठच्या वेगात काच वाऱ्यानं आपोआप मिटते, घट्ट झाला तर खटका हातात येतो. मी पाव-पाव फेरा देत चार वेळा गाडी रस्त्यावर काढली. पाचव्यांदा काच पूर्ण उलटी फिरवली आणि वारा थेट छातीवर आला, अगदी बाबा फिरवून द्यायचे तसा. मी पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंत तसाच गेलो.

तू येत्या रविवारी एवढं कर. दाराच्या खालच्या कडेनं बोट फिरवून भोकं सापडतात का बघ, आणि तांब्याभर पाणी काचेच्या फटीत ओत. लगेच खालून गळलं तर पत्रा बहुधा शाबूत आहे. नाही गळलं तर मला फोन कर, मी शनिवारी रात्रीच्या गाडीनं येतो, पंच आणि पट्टी घेऊन. काचा आपण दोघं मिळून काढू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
बाळू