देखाव्यातला सिद्दी गुडघ्यावर कशाला?

संपादक साहेब, नमस्कार.

यंदाच्या गणपतीत आमच्या खानापूर भागातल्या एका मंडळानं स्वातंत्र्यावर देखावा केला होता. मंडळाचं नाव घेत नाही, पोरं चांगली आहेत आणि रात्र रात्र जागून काम केलेलं, पण त्यात एक सिद्दी माणूस (मूळ आफ्रिकेतनं आलेला आपल्याकडचा समाज) बेड्या घालून गुडघ्यावर बसवलेला आणि समोर कोटातला एक साहेब त्याच्या बेड्या तोडतोय असं दाखवलेलं. माझ्याबरोबर शाळेपासूनचा दोस्त होता, तो सिद्दी समाजाचा. बराच वेळ गप्प उभा होता, मग एवढंच म्हणाला, "आमच्या म्हाताऱ्यांना कुठल्या साहेबानं नाही रे सोडवलं, ते गोव्यातनं पळून घाट चढून आले."

खरंच आहे की ते. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतनं माणसं आणून गोव्यात विकली, त्यातली कितीतरी पळाली आणि आपल्या खानापूर, हल्याळ, यल्लापूरच्या जंगलात येऊन राहिली. त्यांची नातवंडं-पतवंडं आज आपल्या बाजाराला येतात, आपल्याशी मराठी-कोंकणीत बोलतात, आणि आपण त्यांची मूर्ती करायला बसलो की आपल्याला सुचतं काय तर गुडघे.

मी बरीच वर्षं ड्रॉइंग शिकवलंय, शाडूचं काम अजून करतो, म्हणून सांगतो, ही पोझ पोरांनी शोधलेली नाही, ती लई जुनी आहे. १७८७ साली इंग्लंडमध्ये गुलामगिरीच्या विरोधातल्या लोकांनीच एक छोटं पदक काढलं, त्यावर साखळदंडातला काळा माणूस गुडघ्यावर बसून हात जोडतोय. हेतू चांगलाच होता, पण तेव्हापासून तो जो बसला तो बसलाच. वॉशिंग्टनला लिंकनचा, म्हणजे गुलामगिरी संपवणाऱ्या अमेरिकेच्या अध्यक्षाचा, पुतळा आहे, थॉमस बॉल यांनी केलेला, त्यात लिंकन उभा आणि पायाशी नुकता सुटलेला माणूस एक गुडघा टेकून. पैसे सुटलेल्या गुलामांनीच जमवले, शार्लट स्कॉट नावाच्या बाईनं पहिले ५ डॉलर दिले, पण पुतळा कसा असावा हे त्यांना कोणी विचारलं नाही. आणि ज्या आर्चर अलेक्झांडरचा फोटो बघून तो माणूस घडवला तो स्वतः मालकाकडनं पळून आलेला होता! अगदी माझ्या दोस्ताच्या म्हाताऱ्यांसारखा. पळायला पाय लागतात ना, मग पुतळ्यात त्याच पायांना का वाकवायचं?

अनावरण झालं १४ एप्रिल १८७६ ला. तारीख वाचून मी थांबलोच, बाबासाहेबांच्या जन्माच्या बरोबर १५ वर्षं आधी. त्या दिवशी भाषण फ्रेडरिक डग्लस यांचं होतं, ते स्वतः गुलामगिरीतनं पळून आलेले. पाचच दिवसांनी त्यांनी पेपरला पत्र लिहिलं, की मरायच्या आधी मला असा पुतळा बघायचाय ज्यात काळा माणूस चार पायांच्या जनावरासारखा गुडघ्यावर नाही, माणसासारखा आपल्या पायावर उभा असेल. पेपरला पत्र लिहायचं बळ मला तिथनंच आलं. बोस्टनमधली त्या पुतळ्याची प्रत २०२० च्या डिसेंबरात काढली, वॉशिंग्टनचा अजून आहे.

उभा माणूस करणारेही झाले. एडमोनिया लुईस या काळ्या बाईनं १८६७ मध्ये संगमरवरात माणूस उभा केला, तुटलेली साखळी हातात वर धरलेली, (शेजारची बाई मात्र गुडघ्यावरच, ते मला आजही खटकतं). आणि सगळ्यात आवडता म्हणजे कॅरिबियनमधल्या हैती देशातला पुतळा, आल्बेर मांगोनेस यांनी १९६७ मध्ये केलेला. पळालेला गुलाम, घोट्यात तुटकी साखळी, एका हातात कोयता आणि दुसऱ्या हातात शंख, मान मागं टाकून तो शंख फुंकतोय, बाकीच्यांनी उठावं म्हणून. शंख काय असतो ते आपल्याला सांगायला नको. तिथं सोडवणारा साहेबच नाही आणि त्याची गरजही वाटत नाही.

आपल्याकडं बाबासाहेबांचा पुतळा गावोगावी आहे, बोट वर, हातात पुस्तक, ताठ उभे. त्यांच्या पायाशी कोणी हात जोडून बसलेला कधी बघितलाय का? मग सिद्दीलाच का बसवायचं. मलिक अंबरही मूळचा आफ्रिकेतलाच, लहानपणी विकला गेला आणि पुढं निजामशाही चालवली, त्याची जुनी चित्रं बघा, त्यातही तो उभाच आहे.

मंडळाच्या पोरांना माझं सांगणं एवढंच, पुढच्या वर्षी देखावा करायच्या आधी सिद्दी वाड्यावर जाऊन विचारा. मूर्ती मी करून देतो, पैसे नकोत. मॉडेल म्हणून उभं राहायला दोस्त तयार आहे, मी विचारलंय त्याला, येताना घरचा दमाम (सिद्दींचा ढोल) घेऊन येतो म्हणालाय.

आपला,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)