बेसमेंटमधल्या खोलीची खिडकी आधी मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत घर घेणाऱ्या मुलांनी बेसमेंटमध्ये एक बेडरूम काढून घ्यावी, म्हणजे भारतातून येणाऱ्या आईवडिलांची स्वतंत्र सोय होते आणि घर विकताना एका बेडरूमचा जास्त भाव मिळतो, असा सल्ला आपल्या वास्तुपुरवणीतल्या लेखात वाचला. मी निवृत्त स्थापत्य अभियंता आहे. मुलगी न्यू जर्सीत घर घेत होती तेव्हा आम्ही दोघं तिच्याकडेच होतो आणि हा विषय मी टेप हातात घेऊन पाहिला आहे. या सल्ल्यातला भावाचा भाग बहुधा खरा ठरत नाही. सोयीचा भाग तर खिडकी न बघता अमलात आणला तर जिवावर बेतू शकतो.

मुलीने पसंत केलेल्या घराच्या जाहिरातीत चार बेडरूम होत्या. कर्ज देणाऱ्या संस्थेने नेमलेल्या अप्रेझरने, म्हणजे घराचं मूल्यमापन करणाऱ्याने, अहवालात तीनच धरल्या, किंमतही कमी लावली. जावई चिडले. विकणाऱ्याचा एजंट म्हणत राहिला की खोलीला दार आहे, भिंतीत कपाट आहे, मग ती बेडरूमच. कपाटाचा हा समज तिथे फार पक्का आहे. पण तिथली बहुतेक राज्ये थोडाफार फेरफार करून ज्या निवासी बांधकाम संहितेवर चालतात, तिच्यात बेडरूमला कपाट हवंच अशी अट नाही. खोली किमान ७० चौरस फुटांची हवी, कोणतीही बाजू ७ फुटांपेक्षा कमी नको, छत किमान ७ फुटांवर हवं, आत धुराचा अलार्म हवा, आणि आग लागली तर बाहेर पडता येईल अशी खिडकी किंवा थेट बाहेर उघडणारं दार हवं.

ही खिडकी नुसती असून भागत नाही. तिची खालची कड फरशीपासून ४४ इंचांच्या आत हवी. उघडल्यावर मोकळी जागा किमान २४ इंच उंच, २० इंच रुंद आणि एकूण ५.७ चौरस फूट मिळायला हवी. जमिनीलगतच्या खिडकीला ५ चालतात. इथे पुष्कळ लोक फसतात. २४ आणि २० ही दोन्ही किमान मापं एकदम धरली तर गुणाकार जेमतेम ३.३३ चौरस फूट येतो, म्हणजे एक माप बरंच वाढवावंच लागतं. शिवाय मोजायची ती उघडी जागा, काच नव्हे. सरकत्या खिडकीची निम्मीच बाजू उघडते. आतून किल्ली किंवा अवजाराशिवाय उघडली पाहिजे हेही आहेच. आतल्या माणसाला बाहेर पडता यावं आणि पाठीवर हवेचं नळकांडं बांधलेल्या अग्निशामकाला आत शिरता यावं, यासाठी ही मापं ठरली आहेत.

त्या घराच्या बेसमेंटमधल्या खिडकीची खालची कड फरशीपासून ५ फुटांवर होती, आणि ती वरून आत कलणारी, हातभर उंचीची फट होती. तिथून पंचविशीतला मुलगाही सहज बाहेर पडला नसता. जिना एकच, तो वर स्वयंपाकघराशेजारी निघत होता. अमेरिकेत घरांना लागणाऱ्या आगींचं सर्वांत मोठं कारण स्वयंपाक हेच आहे. वर आग लागली की जिना गेला. खाली उरतात गुडघे दुखणारी, नव्या घरात अंधारात चाचपडणारी सत्तरीची दोन माणसं. ही खोली आपल्यासाठी ‘स्वतंत्र सोय’ म्हणून काढली जाते, हे वाचून मला राहवलं नाही.

आता भावाविषयी. २०२२च्या १ एप्रिलपासून फॅनी मे या गृहकर्ज क्षेत्रातल्या मोठ्या संस्थेने अप्रेझरना घराचं क्षेत्रफळ एका ठरलेल्या राष्ट्रीय मानकाने मोजायला सांगितलं आहे. त्यानुसार मजल्याचा कुठलाही भाग जमिनीखाली असला तर तो सगळा मजला बेसमेंट. मागच्या बाजूने दार थेट अंगणात उघडत असलं तरीही. तिथल्या खोल्या वेगळ्या दाखवल्या जातात, वरच्या बेडरूमच्या संख्येत मिळवल्या जात नाहीत. त्यांना किंमत मिळते, पण साधारणपणे वरच्या जागेपेक्षा कमी दराने. खिडकी नियमाप्रमाणे असली तरी हा हिशेब बदलत नाही. जिथे गटाराची जोडणी नसून सेप्टिक टाकी असते, तिथे टाकीची क्षमताच बेडरूमच्या संख्येवर मंजूर होते. तीनच्या मंजुरीवर चौथी बेडरूम म्हणून घर विकणं अडचणीचं ठरतं.

जावयांना मी अहवाल ओळीओळीने वाचून दाखवला. तो अप्रेझर मुलीच्या बाजूनेच बोलत होता, हे त्यांना पटलं. त्याच अहवालावर बोलणी होऊन किंमत उतरली, घर घेतलं. खाली व्यायामाचं सामान गेलं आणि आम्ही वर नातवाच्या खोलीत झोपलो.

ज्यांना खालची खोली हवीच आहे त्यांनी रीतसर परवाना घेऊन मोठी खिडकी काढावी. पायाची भिंत कापताना वरचा भार कशावर घ्यायचा हे अभियंत्याकडून काढून घ्यावं. हे काम सुताराच्या अंदाजावर सोडू नये. खिडकी जमिनीखाली येत असेल तर तिच्यासमोर बाहेर खणायचा खड्डा किमान ९ चौरस फुटांचा आणि भिंतीपासून ३६ इंच पुढे हवा, ४४ इंचांपेक्षा खोल असेल तर त्यात कायमची शिडी हवी, आणि पाणी निघून जायला वाट हवी. गावोगावचे नियम थोडे वेगळे असतात, म्हणून नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात विचारूनच हात घालावा.

आपल्याला विनंती की या मापांची एक चौकट पुढच्या पुरवणीत ठळक छापावी. आणि मुलांकडे निघालेल्या पालकांना माझं कळकळीचं सांगणं, की व्हिडिओ कॉलवर मुलं खोली दाखवतील तेव्हा खिडकी उघडून दाखवायला सांगा, टेप लावायला सांगा. कड ४४ इंचांच्या वर असेल तर वरच्या मजल्यावर झोपायचं आहे असं स्पष्ट बोला. संकोच करू नका.

आपला नम्र,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता